आंब्याच्या ग्राहकांना ईमेल पाठवायचे आहेत, नेमकं कसं करतात?

बागायतदार_देवगड | ८ फेब्रुवारी, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. बाबांच्या काळात सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. गेली सहा वर्षं मी पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेट्या पाठवतो. ऑर्डर घेताना नाव, पत्ता, फोन आणि ईमेल लिहून घेतो, त्यामुळे आज एक्सेलमध्ये साधारण २३०० ईमेल पत्ते जमलेत.

मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी मी माझ्या साध्या जीमेलवरून चारचारशेचे गठ्ठे करून, सगळ्यांना बीसीसीत टाकून मेल पाठवायला घेतला. विषय लिहिला होता "अस्सल देवगड हापूस!!! बुकिंग सुरू!!! त्वरा करा!!!" दुसऱ्या गठ्ठ्यालाच जीमेलने अडवलं आणि पुढचा दिवसभर मला कुणालाच मेल पाठवता आला नाही. ज्यांना गेला त्यांच्यातल्या एका आजींनी फोन केला, "अरे, तुझं पत्र कचऱ्यात पडलं होतं, नातीला सापडलं." तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. ज्यांनी माझ्या बागेचा आंबा खाल्लाय त्यांच्याकडे माझं पत्र कचऱ्यात का जावं?

विचारायचंय ते असं. व्हॉट्सॅपच्या जमान्यात ईमेलला काही अर्थ आहे का? असला तर स्पॅममध्ये न जाता पाठवायचा कसा? आणि ज्याचा धंदा वर्षातून दोनच महिने चालतो त्याने उरलेले दहा महिने लिहायचं काय?

पैठणी_येवला | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

वाचतेय. आमचं हातमागाचं छोटं दुकान आहे, आम्हालाही हेच प्रश्न पडलेत.

संतोष_चिंचवड | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ईमेल उघडतं कोण? माझ्या घरात आईला आणि बायकोला मेल म्हणजे बँकेचं स्टेटमेंट, एवढंच माहीत आहे. व्हॉट्सॅपला ब्रॉडकास्ट लिस्ट करा, आंब्याचा फोटो टाका, दहा मिनिटांत ऑर्डरी येतील. आम्ही फराळाची विक्री अशीच करतो.

मृण्मयी_ठाणे | ८ फेब्रुवारी, रात्री १०.३१

संतोषदादा, फराळासाठी ते चालत असेल, पण २३०० माणसांसाठी बघा काय होतं. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच मावतात. त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. वर्षातून एकदा आंबे घेणाऱ्या किती जणांनी नंबर सेव्ह केला असेल? मोठ्या संख्येला व्हॉट्सॅपची धंद्याची एपीआय (प्रोग्रॅममधून मेसेज पाठवायची सोय) घ्यावी लागते आणि तिथे जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजला पैसे मोजावे लागतात.

मी गेली पाच वर्षं घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करते. ऑर्डरचं बोलणं, पत्ता विचारणं, "ताई, डबा फुटला" हे सगळं व्हॉट्सॅपवर. पण सविस्तर काही सांगायचं असेल, दरपत्रक द्यायचं असेल, तर ईमेल. लोक तो ठेवून देतात आणि महिनाभराने शोधून काढतात. व्हॉट्सॅपवरचं काल आलेलं आज सापडत नाही. शिवाय ईमेलची यादी तुमची असते. एका सेवेवरून उचलून दुसरीकडे नेता येते. नंबर ब्लॉक झाला तर व्हॉट्सॅपवर सगळं संपतं.

मंजिरी_प | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी धंदेवाली नाही, मेल येणाऱ्यांच्या बाजूची आहे. तीही बाजू ऐका.

एका दुकानातून भाच्यासाठी एकदा बूट घेतले. बिलासाठी ईमेल मागितला, दिला. त्यानंतर रोज मेल. कधी कधी दिवसातून दोन. "शेवटची संधी" म्हणून आलेला मेल दुसऱ्या दिवशी पुन्हा "शेवटची संधी" म्हणून यायचा. खाली बारीक राखाडी अक्षरांत अनसबस्क्राइब होतं, ते दाबलं तर लॉगिन करा म्हणे. मी कधी खातं उघडलंच नव्हतं! शेवटी स्पॅमचं बटण दाबलं. बाहेर पडायची वाट सापडली नाही की माणूस तेच करतो.

देवगडकर, तुमच्या मेलमध्ये ती वाट मोठी आणि उघडी ठेवा.

टपालखातं | ९ फेब्रुवारी, दुपारी १.१५

मी मेल सर्व्हर सांभाळायचं काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मंजिरीताईंनी ज्या बटणाचा उल्लेख केला तेच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

तुमच्या मेलला किती जण स्पॅम म्हणतात यावर जीमेलची बारीक नजर असते. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या नियमात हे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, शक्यतो ०.१ च्याही खाली. म्हणजे हजार मेल पोचले आणि तीन जणांनी बटण दाबलं की तुम्ही रेघेवर आलात. दिवसाला ५००० हून जास्त मेल जीमेलवाल्यांना पाठवणाऱ्यांना तर एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावीच लागते. तुमचा आकडा तेवढा नाही, तरी ती सोय ठेवाच.

आता दुसरी गोष्ट, ओळख पटवणं. ईमेलमध्ये "कडून" या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं. म्हणून तीन गोष्टी आल्या. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या स्वतःच्या पत्त्याच्या, नावाने टपाल टाकायची मुभा कुणाकुणाला आहे त्याची यादी, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, लिहून ठेवायची. डीकिम म्हणजे पाकिटावरची लाख. वाटेत कुणी मजकूर बदलला तर ती मोडलेली दिसते. आणि डीमार्क म्हणजे पोस्टमनला दिलेली सूचना: यादीत नाव नसेल, लाखही जुळत नसेल, तर पाकीट द्यायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं.

यासाठी स्वतःचं डोमेन लागतं. जीमेलचा पत्ता "कडून" मध्ये ठेवून दुसऱ्या सेवेतून मेल पाठवू नका, ओळख जुळत नाही आणि मेल थेट स्पॅममध्ये जातो. मागच्या वर्षी तुम्हाला जी अडचण आली ती वेगळी. फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, ती ओलांडली की कुलूप.

आणि घाई नको. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी २३०० मेल गेले तर समोरच्याला संशय येणारच. आधी गेल्या मोसमातल्या गिऱ्हाइकांना पाठवा, मग हळूहळू वाढवा. जे पत्ते बंद पडलेत तिथून मेल परत येतो, ते लगेच यादीतून काढा. परत येणाऱ्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवणं हे डोमेनची पत घालवण्याचं मोठं कारण आहे.

बागायतदार_देवगड | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

टपालखातं, तुमच्या लाखेच्या पाकिटामुळे पहिल्यांदा हे डोक्यात शिरलं. वेबसाइटसाठी डोमेन घेतलेलं आहे, ते वापरतो. मेल पाठवायला कुठली सेवा घेऊ?

मृण्मयी_ठाणे | ९ फेब्रुवारी, रात्री ८.५२

मी मेलचिंपपासून सुरुवात केली, नंतर झोहो कॅम्पेन्सवर आले. ब्रेव्होही चांगलं आहे, पूर्वी त्याचं नाव सेंडिनब्लू होतं. कुठलीही घ्या, फुकटच्या योजनेत किती पत्ते आणि दिवसाला किती मेल ते आधी बघा. तांत्रिक माणूस हाताशी असेल तर लिस्टमंक आहे, ते मुक्त स्रोत आहे आणि झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या कैलाश नाध यांनी लिहिलंय. स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं.

लेथमशीन_कोल्हापूर | १० फेब्रुवारी, सकाळी ११.२०

माझा अनुभव थोडा वेगळा. आम्ही मशीनचे सुटे भाग करतो. मला एकाने कंपन्यांच्या खरेदी विभागांचे पत्ते विकले होते. त्यातून दोन चांगली गिऱ्हाइकं मिळाली, आजही आहेत. त्यामुळे यादी विकत घेऊच नये असं मी म्हणणार नाही. धंदा वाढवायचा तर अनोळखी दार ठोठवावंच लागतं.

टपालखातं | १० फेब्रुवारी, दुपारी १२.०५

दार ठोठवायला माझी हरकत नाही. एका कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याला, त्याचं काम बघून, त्याच्या नावाने एक मेल लिहिणं हे ठोठवणं झालं. विकतच्या यादीवर एकच मजकूर टाकणं म्हणजे रात्री बारा वाजता सगळ्या चाळीतल्या कड्या वाजवणं. अशा याद्यांमध्ये सापळ्याचे पत्तेही असतात. ते कुणाही माणसाचे नसतात, विकत घेऊन पाठवणारे पकडण्यासाठीच पेरलेले असतात. ती दोन गिऱ्हाइकं मिळाली याचा आनंद आहे, पण त्यानंतर तुमची कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये जायला लागली का, ते एकदा आठवून बघा.

लेथमशीन_कोल्हापूर | १० फेब्रुवारी, दुपारी १२.४०

दोन-तीन जण म्हणाले होते, "मेल मिळाला नाही, पुन्हा पाठवा." आजवर ते मी त्यांच्या सर्व्हरवर ढकलत होतो. तपासतो.

अॅडव्होकेट_नाशिक | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६.१८

कायद्याचं थोडं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. म्हणजे "पेटी पोचवण्यासाठी ईमेल द्या" असं म्हणून घेतलेला पत्ता जाहिरातीला वापरायचा तर ते वेगळं विचारायला हवं. ऑर्डरच्या फॉर्मवर एक वेगळा चौकोन ठेवा: "बागेच्या बातम्या ईमेलने हव्यात." आणि त्यात आधीच टिक करून ठेवू नका, टिक गिऱ्हाइकाने स्वतः करू दे.

राईनकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ११.०२

जर्मनीहून लिहितोय. इथे कुठल्याही दुकानाच्या बातमीपत्रासाठी नाव दिलं की आधी एक खात्रीचा मेल येतो, त्यातला दुवा दाबला तरच नाव यादीत चढतं. संमतीचा पुरावा हवा म्हणून ही पद्धत इथे रुळली आहे. कुणी गंमत म्हणून दुसऱ्याचा पत्ता भरला तरी त्या बिचाऱ्याला त्रास होत नाही, आणि चुकीचे टाइप झालेले पत्ते आपोआप गळतात. देवगडकरांनी नव्या गिऱ्हाइकांसाठी हे नक्की करावं.

आणि विषय निघालाच आहे तर, इकडे पाठवता का हो आंबे? २०१४ च्या मे महिन्यात युरोपने फळमाशीमुळे भारतातल्या आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. तो एक मोसम आम्ही डब्यातल्या रसावर काढला.

बागायतदार_देवगड | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.४५

राईनकाठ, परदेशी मी थेट पाठवत नाही. निर्यातीला आंब्यावर गरम पाण्याची प्रक्रिया, तपासणी, कागदपत्रं असं सगळं लागतं, ते आमच्या आवाक्याबाहेर आहे. पण तुमचे आईवडील इथे असतील तर त्यांच्याकडे नक्की पोचवू.

राईनकाठ | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

आहेत ना, डोंबिवलीला! हे लक्षातच आलं नव्हतं. बघा, तुमच्या यादीत माझ्यासारख्यांचा एक वेगळा गट हवा. खाणारे तिथे, पैसे देणारा इथे. मला व्हॉट्सॅपवर भारतीय वेळेला फोटो आला तर मी झोपेत असतो. मेल सकाळी चहासोबत वाचतो.

सुखदा_लेखन | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.१०

मजकुराबद्दल अजून कुणी बोललं नाही, ते मी लिहिते.

"अस्सल देवगड हापूस!!! बुकिंग सुरू!!! त्वरा करा!!!" या विषयात नऊ उद्गारचिन्हं आहेत आणि तुमच्या बागेबद्दल एकही शब्द नाही. फोनवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, तेव्हा बातमी तिथेच हवी. समजा, "पहिली आढी (गवतात पिकत घातलेले आंबे) १८ मार्चला उघडतोय". हे वाचून ज्याला आंबा हवा तो उघडेलच, कारण त्यात तारीख आहे आणि गवताचा वास आहे. विषयाच्या खाली फिकट अक्षरांत जी ओळ दिसते तीही स्वतः लिहा, नाहीतर तिथे "हा मेल नीट दिसत नसल्यास येथे दाबा" असलं काहीतरी येतं. तिथे लिहा: "यंदा मोहोर उशिरा, म्हणून पेट्या कमी."

एक मोठं पोस्टर चिकटवून पाठवू नका. चित्र उघडलं नाही तर पोकळ चौकोन दिसतो आणि दर कुणालाच कळत नाही. दर, वजन, डझन, पोचवायचे दिवस हे अक्षरांतच लिहा. आणि वर्डमधून मजकूर उचलून चिकटवू नका. त्यासोबत न दिसणारा बराच कचरा येतो. मेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं, आणि सगळ्यात खाली नेमकी काय असते? मंजिरीताईंची बाहेर पडायची वाट! मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा तिप्पट जागा खातं हेही लक्षात असू दे.

किती जणांनी उघडला त्या आकड्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय आली, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. किती जणांनी उलट उत्तर दिलं आणि किती पेट्या गेल्या, ते मोजा.

चिमणराव_सोलापूर | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.२५

धागा ईमेलचा आहे, पण मला इथूनच आढीचा वास यायला लागला. एप्रिलपर्यंत कसं थांबायचं?

संतोष_चिंचवड | ११ फेब्रुवारी, रात्री ९.००

सुखदाताई, पटलं. पण त्यांचा तिसरा प्रश्न राहिला की. पावसाळ्यात आंबेवाला काय लिहिणार? "आंबे नाहीत" असं?

सुखदा_लेखन | ११ फेब्रुवारी, रात्री ९.२०

हो! तेच लिहायचं. का नाहीत, आत्ता झाडाखाली काय चाललंय, ते.

बागायतदार_देवगड | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

संतोषदादांचा प्रश्न आणि सुखदाताईंचं उत्तर वाचून एक गोष्ट आठवली.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. सकाळी बागेत गेलो तर पायाखाली आंब्यांचा सडा. हिरवे, अर्धे पिकलेले, देठाच्या चिकाने माखलेले. बाबा एकेक उचलून पुसत होते आणि पुन्हा खाली ठेवत होते, कारण आपटलेला आंबा पेटीत भरता येत नाही. तेव्हा १४० जणांच्या ऑर्डरी बाकी होत्या. मी दोन दिवस एकेकाला फोन करत बसलो. नेटवर्क नव्हतं, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, उभं राहून करायचो. जवळजवळ सगळे म्हणाले, पैसे परत नकोत, पुढच्या वर्षी द्या. एका काकांनी विचारलं, झाडं उभी आहेत ना?

आज कळतंय की त्या १४० जणांपलीकडच्या माणसांनाही हे जाणून घ्यायचं होतं, आणि मी त्यांना फक्त "बुकिंग सुरू" एवढंच सांगत आलो. दहा महिन्यांत लिहिण्यासारखं भरपूर आहे. जूनमधली खतं, ऑक्टोबरातली पालवी, थंडी पडली की मोहोर, तुडतुड्यांची फवारणी, आतून साका (पांढरट, खराब गर) निघालेलं फळ कसं ओळखायचं. महिन्याला एक मेल मी नक्की लिहू शकतो.

मंजिरी_प | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

असा मेल आला तर मी वाचेन. महिन्याला एकच मात्र.

पैठणी_येवला | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

आमच्याकडे एक साडी मागावर महिनोन्‌महिने असते. तेवढ्या काळात गिऱ्हाइकाला आम्ही एक शब्दही कळवत नाही. आजपासून मागावरचा पदर किती झाला ते लिहायला सुरुवात करते.

बागायतदार_देवगड | ४ मार्च, रात्री ११.३०

मदत हवी आहे. सेवा घेतली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद टाकली. आणि आता माझे रोजचे साधे मेल, अगदी बिलं पाठवलेलीसुद्धा, लोकांच्या स्पॅममध्ये जाताहेत. आधी असं होत नव्हतं. दोन दिवस झोप नाही.

टपालखातं | ४ मार्च, रात्री ११.४४

वेबसाइटवाल्याने आधी एक एसपीएफ नोंद केलेली असणार, आणि तुम्ही दुसरी टाकलीत. बघा बरं, व्ही बरोबर एसपीएफ१ (v=spf1) अशी सुरुवात असलेल्या ओळी किती आहेत?

बागायतदार_देवगड | ४ मार्च, रात्री ११.५१

दोन!

टपालखातं | ४ मार्च, रात्री ११.५८

एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की दोन्ही बाद. जुन्या ओळीतच नव्या सेवेचा इन्क्लूड (तिला मुभा देणारा शब्द) घाला आणि दुसरी ओळ पुसा. मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे पास दिसलं की झोपा.

बागायतदार_देवगड | ५ मार्च, सकाळी ७.१०

तिन्ही पास! तुमचा पत्ता कळवा, पेटी पाठवायची आहे.

टपालखातं | ५ मार्च, सकाळी ८.००

पेटी विकतच घेईन. डोमेन जपा.

बागायतदार_देवगड | ६ एप्रिल, दुपारी २.२०

सगळ्यांना काय झालं ते सांगायला आलोय.

मार्चमध्ये २३०० जणांना एकच मेल पाठवला, तोही रोज थोडे थोडे असा. "तुम्ही आमच्याकडून आंबे घेतले होते. महिन्यातून एकदा बागेची खबर ईमेलने कळवली तर चालेल का?" खाली दोन दुवे, हो आणि नको, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत. ज्यांनी काहीच दाबलं नाही त्यांना यादीतून काढलं. यादी ९०० च्या आसपास उरली. बाबा म्हणाले, एवढी गिऱ्हाइकं सोडलीस? पण त्यांचे फोन नंबर आहेतच, ते आंबे मागतील तेव्हा देऊ.

मग सुखदाताईंचा विषय जसाच्या तसा घेतला, फक्त तारीख बदलली. आढी उघडतानाचा एकच फोटो, बाकी सगळं अक्षरांत. दर, वजन, आणि यंदा पेट्या का कमी आहेत ते. पेट्यांपेक्षाही जास्त आनंद उत्तरांचा झाला. त्या स्पॅमवाल्या आजींनी स्वतः टाइप करून दोन ओळी पाठवल्या: "पत्र समोरच दिसले. बाबांची तब्येत कशी आहे?"

चिमणराव_सोलापूर | ६ एप्रिल, दुपारी २.३५

माझंही नाव यादीत घाला हो!

बागायतदार_देवगड | ६ एप्रिल, दुपारी २.४१

मी नाही घालणार, तुम्हीच घाला. वेबसाइटवर फॉर्म आहे, चौकोनात टिक करा. मग खात्रीचा मेल येईल, त्यातला दुवा दाबा.

चिमणराव_सोलापूर | ६ एप्रिल, दुपारी २.५०

केली टिक. मेल आला, इनबॉक्समध्येच आला. दाबला दुवा. आता पायरी आंबा आहे का ते सांगा.